कतं आणि करवियलें : कारागिराच्या सहीविषयी

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाण्याचे लेणे आहे. त्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर डाव्या अंगाला एका मोठ्या मूर्तीचा अवशेष उरला आहे. मूर्ती यक्षाची असावी असे मानतात. चेहरा पार फुटून गेला आहे; नाक, डोळे, ओठ यांतले काही शिल्लक नाही. डोक्यावरच्या वेष्टनाच्या नक्षीवर मात्र किती मेहनत घेतली होती ते अजून दिसते. आणि डाव्या खांद्याच्या वर ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे : 'कण्हस अंतेवासिना बलकेन कतं'. कण्हाचा शिष्य बलक याने केले.

ही ओळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातली. तिच्यात राजाचे नाव नाही, दान देणाऱ्या शेठजीचे नाव नाही, पुण्य कोणाला मिळावे याचा उल्लेख नाही. गुरूचे नाव आधी, मग स्वतःचे, आणि शेवटी क्रियापद. 'कतं' म्हणजे संस्कृतातले 'कृतम्', आपले 'केले'. मूर्तीचे तोंड गेले आणि करणाऱ्याचे नाव राहिले, असा हा उलटा प्रकार आहे. आपल्याकडच्या हजारो लेण्यांचा, देवळांचा आणि किल्ल्यांचा हिशेब मांडला तर नेमके याच्या विरुद्ध घडलेले दिसते.

माझ्या डोक्यात हा विषय आला तो पाषाणामुळे नव्हे, काचेमुळे. गेल्या काही वर्षांत काचेच्या तुकड्यांची चित्रे करणारे हात आपल्याकडे वाढले आहेत. घराच्या नावाची पाटी, तुळशीवृंदावन, देवळाच्या भिंतीवरचा मोर, हॉटेलातली मासोळी. या कलेला विश्वकोशी मराठीत कुट्टिमचित्रण म्हणतात. बोलण्यात आपण मोझेक म्हणतो, आणि मोझेक म्हटले की बहुतेकांना आधी ब्लॉकमधली ठिपक्याठिपक्यांची फरशी आठवते. तर या काचेच्या चित्रावर करणाऱ्याने सही कशी करावी, म्हणजे ती टिकेल, हा प्रश्न दिसतो साधा, पण एकदा हातात घेतला की सुटत नाही. काच गुळगुळीत. कागद, कापड, लाकूड, माती यांच्यात रंग थोडा तरी मुरतो. काचेत तो मुरायला जागाच नाही. मार्कर पेनाने केलेली सही ओल्या फडक्याने पुसली जाते, नाही पुसली तर उन्हाने उडते. ॲक्रिलिक रंगाचा पापुद्रा काचेवर नुसता बसून असतो. कडेने पाणी शिरले की नखाने निघतो. म्हणजे ज्या वस्तूचा रंग शंभर वर्षांत बदलणार नाही, तिच्यावरची करणाऱ्याची खूण दोन पावसाळ्यांत जाणार.

पण प्रश्न नुसत्या रंगाचा आणि गोंदाचा नाही. चित्रकार सही शेवटी करतो. चित्र पुरे झाले, दोन पावले मागे सरून पाहिले, मग कोपऱ्यात बारीक कुंचल्याने नाव. गिऱ्हाइकाला विचारायची गरज नाही. पाथरवटही काम झाल्यावर मोकळ्या जागी चार अक्षरे कोरू शकतो. मोझेकमध्ये तसे जमत नाही. तुकडे बसले, सांधे भरले, की दार बंद. नाव जर काचेतच हवे असेल तर त्याची जागा आराखड्यात पहिल्या दिवसापासून राखून ठेवावी लागते. आणि आराखड्यावर ज्याचा अधिकार नाही त्याला ही जागा कोण देणार? काचेत नाव टिकवणे हे कौशल्याइतकेच हक्काचेही काम आहे, असे माझे मत झाले आहे ते यामुळे.

आता हा हक्क आपल्याकडे कोणाकडे होता ते पाहू. मराठीच्या आद्य लेखांची चर्चा निघाली की श्रवणबेळगोळचे नाव येतेच. गोमटेश्वराच्या पायाशी कोरले आहे : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. त्याच्याच शेजारी गंगराजाने भोवतीची ओवरी 'करवियलें' अशी नोंद आहे. शाळेत आपण हे वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. त्यातल्या क्रियापदाकडे थांबून पाहिले पाहिजे. 'केलें' नव्हे, 'करवियलें'. करवून घेतले. म्हणजे वाक्यातच एक दुसरा माणूस लपलेला आहे, ज्याच्याकडून ते करवून घेतले. प्रयोजक क्रियापदाच्या त्या एका 'व'मध्ये सतरा-अठरा मीटरची मूर्ती डोंगराच्या माथ्यावर घडवणारी सगळी माणसे बसवली आहेत.

हीच तऱ्हा लेण्यांत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्णत्वाला नेले. बढाई खरी आहे, कारण कार्ल्याला तोड नाही. पण भूतपालाने छिन्नी हातात धरली नव्हती. मी राहतो त्या वरसे-रोहे परिसरापासून जवळचे मोठे लेणे म्हणजे तळ्याच्या बाजूला, मांदाडजवळचे कुडे. राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून असलेल्या या सव्वीस लेण्यांत दात्यांची अगदी गजबज आहे. माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे, महाभोजांच्या पदरची माणसे आहेत, त्यांच्या बायका-मुली आहेत. प्रत्येकाने आपण काय दिले ते लिहून ठेवले आहे : ही ओवरी, हे टाके, हे चैत्यगृह. 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, हा शब्द वाचून वाचून पाठ होतो. कुड्याच्या माळ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, याचा मला आनंदच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी फुले विकणारा माणूस लेणे दान करतो ही लहान गोष्ट नव्हे. पण ते लेणे खोदणारा त्यात नाही.

पुढे शिलाहारांच्या काळात आणि नंतर उत्तर कोकणात दानाच्या शिळांवर गाढवाचे चित्र आणि शिवी कोरली जाऊ लागली. आपण त्यांना गद्धेगाळ म्हणतो. दान मोडील त्याला शाप. म्हणजे देणाऱ्याच्या शब्दाला राखण करायला चंद्र, सूर्य आणि गाढव असे तिघे. करणाऱ्याच्या नावाला असा पहारा कोणी दिल्याचे उदाहरण नाही.

फार लांब जायला नको, आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर पाहावे. पितळेच्या पातेल्यावर, तांब्याच्या हंड्यावर, पुढे स्टीलच्या डब्यांवर नाव घालायची पद्धत होती. अजून आहे. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणाला, तारीख काय ते सगळे असते. कित्येक घरांचा वंशवृक्ष या भांड्यांवरून लावता येईल. देणारा आणि घेणारा यांची नावे आहेत. ठोके देऊन ते भांडे घडवणाऱ्या तांबटाचे नाही. कुड्याच्या लेण्यात आणि आपल्या मांडणीत रिवाज एकच आहे. मात्र भांड्यावरच्या नावाची एक गोष्ट सहीच्या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. ते नाव रंगवलेले नाही, त्या धातूतच ठोकलेले आहे. चिंचेने आणि राखेने पन्नास वर्षे घासले तरी ते बोटाला लागते.

या रिवाजाला अपवाद आहेत, आणि ते कुठे कोरले आहेत हे पाहण्यासारखे आहे. कार्ल्याच्याच चैत्यात एक लेख धेनुकाकटाचा सुतार सामि, वेणुवासाचा मुलगा, याचा आहे. लेखात त्याला 'वढकि' म्हटले आहे. संस्कृतात वर्धकि, आणि विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. त्याने घराचे मुख, म्हणजे दार केले, असे लेख सांगतो. आता सामिने हे दार स्वतः घडवले की पैसे देऊन दान केले? 'कतं' या शब्दावरून मी तरी पहिला अर्थ घेतो. धेनुकाकटाच्या इतर दात्यांनी खांब दिले तेव्हा 'दान' हा शब्द वापरला आहे. सुतार तेवढा 'केले' म्हणतो.

दुसरा अपवाद पितळखोऱ्याचा, आणि तो मला सर्वांत आवडतो. कन्नडजवळच्या या लेण्यांत १९५०च्या दशकात म. न. देशपांडे यांनी उत्खनन केले, तेव्हा ढिगाऱ्यातून एक बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष निघाला. डोक्यावर परात धरून उभा. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला कोरले आहे : 'कण्हदासेन हिरंणकारेन कता'. सोनार कण्हदासाने केली. सोनाराने दगडात मूर्ती घडवावी हे नवल आहेच. दागिन्यांचे बारकावे त्या यक्षाच्या अंगावर दिसतात ते त्यामुळेच. पण त्याने जागा कोणती निवडली पाहा. छाती नाही, पीठ नाही. पंजाची पाठ. समोरून आलेल्या भिक्षूच्या नजरेत सहज येणार नाही, पण मूर्ती उभी आहे तोवर जाणारही नाही. कोंडाण्याच्या बलकाचा गुरू कण्ह आणि पितळखोऱ्याचा कण्हदास यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कण्ह हे नाव त्या काळी घरोघरचे. नाशिकच्या लेण्यात तर सातवाहन राजाच कण्ह आहे.

रायगडावरच्या हिरोजी इंदुलकरांशिवाय हा विषय आमच्या जिल्ह्यात पुरा होऊच शकत नाही. जगदीश्वराच्या देवळाच्या भिंतीतील संस्कृत लेखात शके १५९६ची नोंद आहे आणि गडावरची बांधकामे हिरोजीने निर्माण केल्याचे म्हटले आहे. त्याखेरीज देवळाच्या पायरीवर मराठीत वेगळे कोरलेले आहे : 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. महाराजांनी बक्षीस मागायला सांगितले आणि हिरोजीने पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, म्हणजे दर्शनाला येणाऱ्यांची पायधूळ नावावर पडेल, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. मला मात्र त्या शब्दरचनेत आणखी काही दिसते. 'चरणी तत्पर' हा मराठेशाहीतल्या कित्येक शिक्क्यांतला ठरलेला शब्दप्रयोग. हिरोजीने पायरीवर नम्रता कोरली आहे हे खरे, पण ती शिक्क्याच्या भाषेत कोरली आहे. दरबारात ज्याला शिक्का असतो त्याचे नाव कागदाच्या शेवटी उमटते. हिरोजीचे नाव दगडावर उमटले. आणि हेही विसरू नये की हिरोजी बांधकामाचे प्रमुख होते. ती पायरी घडवणारा आणि ती अक्षरे टाकीने काढणारा पाथरवट तिथेही बेनाम आहे.

शेजारच्या कर्नाटकात होयसळांच्या देवळांत पाहिले तर चित्र बदलते. सोमनाथपूरला मल्लितम्माने आपले नाव मूर्तीमागून मूर्तीवर घातले आहे. बेलूरला बळ्ळिगावीच्या दासोजाने नावाबरोबर आपली बिरुदेही लिहिली. तेव्हा 'भारतीय कारागीर निरहंकारी, म्हणून सही करत नसे' हे जे आपण भाषणांत ऐकतो, ते मला पटत नाही. जिथे करू दिली तिथे त्याने सही केली आहे.

आता काच. आपल्या भूमीत काच परकी नाही. पैठण, नेवासे, तेर, कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथल्या उत्खननांत काचेचे मणी आणि बांगड्या निघाल्या. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहासच लिहिला आणि तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने छापला. या विषयात पाऊल ठेवणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. पण मणी आणि बांगडी यांच्यावर सही करणार कुठे? बांगडी तर फुटण्यासाठीच असते. म्हणून तर ती फुटली म्हणायचे नाही, वाढवली म्हणायचे. पुढे स्वदेशीच्या काळात तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला १९०८मध्ये, आणि कऱ्हाडजवळ ओगल्यांचा १९१६मध्ये. ओगल्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. तिथे नाव झाले ते मालाचे. भट्टीसमोर नळीने काच फुंकणाऱ्याच्या गालांची मेहनत त्या नावात विरघळली.

तुकड्यांच्या काचकामाचे आपल्याला जवळचे मोठे उदाहरण इंदूरचे. होळकरांच्या या शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर सेठ हुकुमचंद जैन यांनी काच मंदिर बांधवले. भिंती, खांब, छत, दारे, जिकडे पाहावे तिकडे काच आणि आरसे. इंदूरला नातेवाईक असलेल्या मराठी घरातला माणूस राजवाडा, सराफा आणि काच मंदिर पाहिल्याशिवाय परतत नाही. काम जयपूरकडच्या कारागिरांचे असे सांगतात. हुकुमचंदांचे नाव इंदुरात लहान मुलालाही ठाऊक. जयपूरकडच्या त्या कारागिरांची नावे भेट देणाऱ्याच्या कानावर पडत नाहीत. इतके चित्रमय छत, इतके कोपरे, इतके तुकडे. चार अक्षरांना जागा नव्हती असे म्हणता येणार नाही. मात्र आराखडा शेठजींचा.

भूमध्य समुद्राच्या काठी मात्र तुकड्यांच्या चित्रात नाव घालण्याची रीत जुनी आहे. ग्रीकांत चित्रावर 'अमक्याने केले' असे लिहिण्याचा प्रघातच होता, आणि त्यांचे क्रियापद आपल्या 'कतं'सारखेच सरळ. पाँपेईजवळच्या एका हवेलीत रस्त्यावरच्या वाजंत्र्यांचे बारीक तुकड्यांचे चित्र सापडले, आता ते नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्याच्यात काळ्या तुकड्यांनी अक्षरे काढली आहेत : सामोस बेटाच्या दिओस्कुरिदेसने केले. नाव, गाव, क्रियापद. पेर्गामोन इथल्या राजवाड्यात हेफायस्तिऑन नावाच्या कारागिराने तर गंमत केली. त्याने फरशीत चर्मपत्राची एक चिठ्ठी चितारली, चार कोपऱ्यांना मेण लावून चिकटवलेली. त्यातला एक कोपरा सुटून वर आला आहे असे दाखवले, आणि चिठ्ठीवर लिहिले की हे हेफायस्तिऑनने केले. उडून जाईलशी वाटणारी चिठ्ठी दगडी तुकड्यांत बसवली आहे. त्या फरशीची मधली चित्रे गेली. चिठ्ठी बर्लिनला शाबूत आहे. सही टिकते कशी याचे एवढे खट्याळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

पुढे ख्रिस्ती देवळांत तुकडे काचेचे झाले. बेथलेहेमच्या जन्ममंदिरात ११६९ साली एक मोठे काचकाम पुरे झाले. त्याच्या लेखात सम्राट मॅन्युएल आहे, राजा अमालरिक आहे, बिशप आहे, आणि त्यांच्याच रांगेत, त्याच अक्षरांत, एफ्राईम नावाचा साधू आहे, जो चितारी आणि मोझेक करणारा होता. लेख ग्रीक आणि लॅटिन अशा दोन भाषांत. तिथेच एका देवदूताजवळ बासिल नावाच्या चिताऱ्याने लॅटिन आणि सिरियाक अशा दोन लिप्यांत नाव घातले आहे. करवून घेणारे तीन आणि करणारा एक असे एका वाक्यात बसले, हे मला कोणत्याही सोनेरी आकाशापेक्षा मोठे वाटते.

आणि आपले नाव काचेत आहे म्हणून ते सुरक्षित, असे समजणाऱ्याने जेरुसलेमच्या घुमटाकडे पाहावे. कुब्बत अस्-सख्राच्या आतल्या कमानींवर खलिफा अब्द अल्-मलिकने निळ्या काचेवर सोनेरी अक्षरांचा लांबच लांब पट्टा बसवला. सव्वाशे-दीडशे वर्षांनी आलेल्या अल्-मामूनने त्यातले अब्द अल्-मलिकचे नाव काढून तिथे आपले घातले. नवे नाव लांब, जागा तेवढीच, म्हणून अक्षरे दाटीने कोंबली. तारीख बदलायची राहिली. हिजरी ७२, म्हणजे इ.स. ६९१-९२. त्या वर्षी अल्-मामून जन्मलाही नव्हता. काचेच्या तुकड्यांत खोटे बोलणे कागदाइतके सोपे नाही. काढलेला तुकडा आणि बसवलेला तुकडा यांचा रंग कधी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही खलिफांच्या या ओढाताणीत तुकडे बसवणाऱ्यांचे नाव तिथेही नाहीच.

हे सगळे पाहिल्यावर आजच्या काम करणाऱ्याला काय सांगता येते? पहिला आणि उत्तम मार्ग दिओस्कुरिदेसचा : अक्षरेच तुकड्यांची. जो गोंद किंवा सिमेंट चित्र धरून ठेवते तेच नाव धरून ठेवते. चित्र जाईल तेव्हाच नाव जाईल. जागा आराखड्यात आधी राखायची, आणि गिऱ्हाइकाशी ते पहिल्याच बैठकीत बोलायचे. मोठी कामे अनेकदा तुकडे कागदावर पालथे चिकटवून, मग कागदासकट भिंतीवर बसवून करतात. तेव्हा अक्षरे उलटी लावावी लागतात हे विसरू नये. आपल्या शिळाप्रेसवरचे लेखक दगडावर उलटी अक्षरे लिहीत, पोथ्याच्या पोथ्या. त्यामानाने आपली तीन-चार अक्षरे म्हणजे काहीच नाही.

चित्र लहान असेल आणि अक्षरांना जागा नसेल तर एकच तुकडा सहीसाठी घ्यावा. त्यावर हिऱ्याच्या टोकाने नाव कोरता येते. काच कापायच्या हत्याराला आपण हिरकणी म्हणतो. रायगडाच्या बुरुजाचे आणि तिचे नाव एक असावे हा योगायोग मला बरा वाटतो. कोरलेली रेघ काचेच्या अंगात गेलेली असते, पुसायला वर काही उरत नाही. सांधे भरताना तिच्यात सिमेंट बसते आणि अक्षर उलट अधिक उठून दिसते. दुसरा उपाय म्हणजे काचेवर लावायच्या मिन्याच्या रंगाने लिहून तो तुकडा भट्टीत भाजून घ्यायचा. भाजल्यावर रंग काचेशी एकजीव होतो. नुसता वाळवलेला रंग आणि भाजलेला रंग यांत कच्च्या विटेत आणि पक्क्या विटेत असतो तेवढा फरक आहे.

तिसरा उपाय पारदर्शक काचेच्या पोटाकडून लिहिण्याचा. नाव मागच्या बाजूला उलटे लिहायचे, ते वरून सुलटे दिसते आणि काचच त्याचे झाकण होते. बायझंटाइन कारागिरांचे सोनेरी तुकडे याच युक्तीने टिकले : सोन्याचा वर्ख दोन काचांच्या मध्ये, वरची काच अगदी पातळ. पण इथे एक काळजी घ्यावी. चिकटवायच्या द्रव्याने मागचा रंग विरघळू शकतो, म्हणून फुकट गेलेल्या तुकड्यावर आधी करून पाहावे आणि चार-आठ दिवस वाट पाहावी.

सांध्यातल्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने नाव काढणारेही असतात. सोपे आहे, फुकट आहे. पण सांधा हा मोझेकचा सगळ्यात आधी झिजणारा आणि पुन्हा भरला जाणारा भाग. दहा वर्षांनी कोणी मिस्त्री चांगल्या मनाने सांधे नव्याने भरील आणि नाव गाडून टाकील. त्यापेक्षा मागची बाजू सिमेंटची असेल तर ती ओली असताना तिच्यावर खोल लिहावे. नाव, गाव, साल, काच कुठली, चिकटवले कशाने. कण्हदासाच्या यक्षाच्या पंजाची पाठ ती हीच. पाठीला लाकडी फळी असेल तर साध्या शिसपेन्सिलीने लिहावे; शिसपेन्सिलीचे काळे उन्हाने उडत नाही, बॉलपेनची शाई उडते. कागदाची चिठ्ठी मात्र चिकटवू नये. कोकणातल्या दमट हवेत आणि वाळवीपुढे कागदाचे काय होते ते इथे कोणाला सांगायला नको.

मातीचा तुकडाही चालतो. आमच्याकडे जुनी घरे पाडली की अंगणात मंगलोरी कौलांचे थर रचलेले दिसतात. पालथे कौल उचलून पाहिले तर कारखान्याचे नाव स्वच्छ वाचता येते, कारण ते साच्यातच होते. माती ओली असताना उमटले आणि भाजून पक्के झाले. दर वर्षी आमचा पाऊस खाऊनही त्या अक्षरांची कड गेलेली नसते. मोझेक करणाऱ्याने आपल्या नावाचा एक छोटा छाप करून घेतला, ओल्या मातीच्या चपट्या टिकल्यांवर उमटवून त्या भाजून ठेवल्या, की पुढच्या पन्नास चित्रांची सोय झाली. पेणच्या मूर्तिकाराला हा प्रश्न पडत नाही. त्याची मूर्ती अनंत चतुर्दशीला पाण्यात जाणार, त्यामुळे त्याचे नाव कारखान्याच्या पाटीवर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी असले की पुरे. भिंतीवर राहणाऱ्या कामाला तोंडी नाव पुरत नाही.

राहता राहिली लिपी. देवनागरी चौकोनी तुकड्यांत बसवताना शिरोरेषा फुकटात मिळते, एक सरळ ओळ लावली की झाले. पण क, ळ, श यांची वळणे चिमट्याने तुकडे कुरतडत बसल्याशिवाय येत नाहीत, आणि जोडाक्षर आले की अक्षराची उंची दुप्पट करावी लागते. म्हणून पूर्ण नावाऐवजी दोन अक्षरे आणि साल एवढेच अनेकजण घालतात. त्यांनी शेवटी 'केले' हा शब्द बसतो का तेवढे पाहावे. या बाबतीत बलक आपल्यापेक्षा सुखी होता. त्याच्या ब्राह्मीत ब म्हणजे एक चौकोन आणि क म्हणजे बेरजेचे चिन्ह. ब-ला आठ तुकडे, क-ला पाच. मधल्या ल-च्या आकड्याला काय थोडी चिमटेगिरी करावी लागेल तेवढीच.